साखर, मावशीचा पेट स्कॅन आणि पेशीची दारं

मावशीचा पेट स्कॅन झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडचा साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. कारण काय, तर स्कॅनच्या आधी तिथल्या मुलाने तिला सांगितलं होतं की आजी हे इंजेक्शन म्हणजे एक प्रकारची साखरच आहे, कॅन्सर जिथे असेल तिथे ती जाऊन बसते आणि मशीनला दिसते. मामाने तेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, वर स्वतःचं एक वाक्य जोडून, की बघा कॅन्सर साखर खातो, साखर बंद केली की तो उपाशी मरणार. ऐकायला एकदम पटतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी बायोकेमिस्ट्री शिकलेय, आणि मला काही दोन वाक्यांत उत्तर देता येईना. त्या मुलाने सांगितलं ते बरोबर होतं, मामाने जोडलं ते चुकीचं, आणि या दोन्हींच्या मध्ये जे काही आहे ते सगळं पेशीच्या दारांशी येऊन थांबतं. म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल.

तर पेशीला बाहेरून एक पातळ आवरण असतं, ते चरबीचं. आणि ग्लुकोज हा पाण्यात विरघळणारा प्राणी. तेलाच्या थरातून साखर आरपार जात नाही, तसंच हे. म्हणजे रक्तात कितीही ग्लुकोज फिरत असू दे, पेशीला ते आपोआप मिळत नाही, त्यासाठी आवरणात प्रोटीनची दारं बसवलेली असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. माणसाच्या शरीरात अशा दारांचं जे सगळ्यात मोठं खानदान आहे त्यात चारशेच्या वर जीन्स आहेत, ग्लुकोजची वेगळी, अमिनो ॲसिडची (म्हणजे प्रोटीन ज्या विटांचं बनतं त्यांची) वेगळी, लोह, जस्त, आयोडीन, व्हिटॅमिनं, प्रत्येकाची वेगवेगळी.

दार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे उघडं भोक येतं, पण ते तसं नसतं. मोठ्या सराफाच्या पेढीत जाताना बघा, बाहेरचं दार उघडतं, तुम्ही मधल्या जागेत उभे राहता, बाहेरचं बंद होतं आणि मगच आतलं उघडतं, दोन्ही एकदम कधीच उघडी नसतात. ट्रान्सपोर्टर अगदी असाच चालतो. ग्लुकोजचं जे मुख्य दार आहे ग्लट-१ नावाचं, ते ४९२ अमिनो ॲसिडची एक साखळी असते, आवरणातून बारा वेळा आत-बाहेर ओवलेली, ग्लुकोज मध्ये येऊन बसलं की ती अख्खी साखळी झुकते आणि तोंड बाहेरून आतल्या बाजूला फिरतं. त्याचा जीन १९८५ मध्ये सापडला, पण ते नेमकं दिसतं कसं हे कळायला २०१४ उजाडलं, बीजिंगच्या त्सिंगहुआ युनिव्हर्सिटीत निएंग यान यांच्या टीमने त्याची रचना काढली.

आणि हे दार कॅन्सरने तयार केलेलं नाही हं, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे सगळं इथेच अडणार आहे. आपल्या प्रत्येक लाल रक्तपेशीवर ग्लट-१ लाखांच्या घरात असतात, मेंदूला जे ग्लुकोज मिळतं तेही याच दारातून. कॅन्सरची पेशी फक्त तेच दार जास्त संख्येने बसवते.

जास्त कशाला लागतं तिला? इथे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव घ्यावंच लागतं. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने ट्यूमरचे पातळ काप घेऊन मोजमाप केलं आणि त्याला दिसलं की या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतायत, पण ऑक्सिजन समोर असूनसुद्धा ते पूर्ण जाळत नाहीयेत, अर्ध्यातच त्याचं लॅक्टिक ॲसिड करून बाहेर फेकतायत. हे वेडेपणाचं वाटतं, कारण एक ग्लुकोज पूर्ण जाळलं तर साधारण तीस एटीपी मिळतात, एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जेची सुटी नाणी, आणि अर्ध्यात सोडलं तर फक्त दोन. वारबुर्गला वाटलं पेशीची भट्टी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडलीय आणि कॅन्सर त्यामुळेच होतो. (त्याला १९३१ मध्ये नोबेल मिळालं ते याबद्दल नाही, श्वसनाच्या एका एन्झाइमबद्दल, लोक नेहमी घोटाळा करतात.) पुढे कळलं की बहुतेक कॅन्सर पेशींची भट्टी व्यवस्थित चालू असते. निरीक्षण पक्कं होतं, कारण चुकलं होतं.

मग खरं कारण काय, तर असं समजा की घर चालवायचंय आणि घर बांधायचंय यात फरक आहे. घर चालवायला लाइट बिल भरलं की झालं, म्हणजे ऊर्जा. पण शेजारी तसंच दुसरं घर उभं करायचं असेल तर विटा, सिमेंट, वाळू लागणार. कॅन्सरच्या पेशीला सतत दुप्पट व्हायचंय, तिला नवीन डीएनए, नवीन आवरण, नवीन प्रोटीन हवंय, आणि या सगळ्याचा कच्चा माल ग्लुकोज तोडताना मधल्या पायऱ्यांवर मिळतो. सगळंच जाळून टाकलं तर धूर उरेल, विटा नाही. म्हणून ती ग्लुकोजचा ओघच इतका वाढवते की थोडं बांधकामाला, थोडं ऊर्जेला जाईल आणि उरलेलं लॅक्टेट (तेच ते लॅक्टिक ॲसिड) करून बाहेर टाकलं तरी चालेल. उधळपट्टी परवडते, कारण दारं भरपूर.

दारं वाढवायचा हुकूम कोण देतं? कॅन्सरमध्ये जे जीन्स बिघडतात ना, रास, मिक, पीआय-३-कायनेज, ही नावं रिपोर्टवर वाचली असतील तुम्ही, त्यांचं मूळ काम 'वाढ' असा निरोप पोचवणं. निरोगी पेशीत हा निरोप बाहेरून आला तरच ती खायला सुरुवात करते, म्हणजे आजूबाजूला अन्न भरपूर असूनही पेशी स्वतःच्या मर्जीने खात नाही, तिला परवानगी लागते. या जीन्समध्ये बिघाड झाला की परवानगीचा शिक्का कायमचा लागतो, आणि गोदामात ठेवलेली ग्लट-१ ची दारं आवरणावर आणून बसवली जातात, नवीनही बनत राहतात. शिवाय गाठ मोठी झाली की आतल्या भागात रक्तवाहिन्या पोचत नाहीत, ऑक्सिजन कमी पडतो, आणि ऑक्सिजन कमी पडल्याचं ओळखणारं एचआयएफ नावाचं एक प्रोटीन आहे तेही ग्लट-१ वाढवा म्हणून सांगतं. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कशी कळते हे शोधल्याबद्दल २०१९ चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना मिळालं.

आता मावशीच्या इंजेक्शनकडे येऊ. त्याचं नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूत दोन नंबरच्या कार्बनवरचा एक तुकडा काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन बसवलेला असतो. ग्लट-१ ला हा फरक कळत नाही, ते त्याला ग्लुकोज समजून आत घेतं. आत गेल्यावर हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेटचा बिल्ला लावतं, हेही नेहमीप्रमाणेच. पण पुढच्या एन्झाइमला हा बदललेला रेणू हाताळता येत नाही, आणि फॉस्फेट लागल्यामुळे परतीच्या दारातूनही जाता येत नाही. म्हणजे पुढे जायची सोय नाही, मागे फिरायची नाही, अडकला. ज्या पेशीची दारं जास्त आणि बिल्ला लावायचा वेग जास्त तिथे जास्त अडकतो, आणि तासाभराने मशीनला तिथून जास्त उजेड येतो. त्या फ्लोरीनचं निम्मं आयुष्य ११० मिनिटं, म्हणजे दर पावणेदोन तासांच्या आसपास तो निम्मा होत जातो, म्हणून तर स्कॅनची वेळ चुकवू नका असं दहा वेळा सांगतात, औषध तुमच्यासाठी थांबत नाही. माणसाला पहिल्यांदा एफडीजी दिलं १९७६ मध्ये फिलाडेल्फियाला, तेव्हा मेंदू बघायला म्हणून. भारतात पेट मशीन आणि त्याचं औषध बनवणारं सायक्लोट्रॉन पहिल्यांदा आलं ते आपल्या मुंबईतच, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला, २००२ मध्ये.

एकदा हे दाराचं गणित कळलं की स्कॅनच्या आधीच्या सगळ्या विचित्र सूचना लगेच समजतात. काही तास उपाशी राहा, कारण जेवलात तर इन्सुलिन वाढणार, आणि स्नायू आणि चरबीवर ग्लट-४ नावाचं जे भावंड आहे ते इन्सुलिनच्या हुकमाने उघडतं, मग एफडीजी सगळं दंड-मांड्यांत जाऊन बसेल. रक्तातली साखर खूप जास्त असेल तर स्कॅन पुढे ढकलतात, कारण खरं ग्लुकोज आणि एफडीजी एकाच दारात रांग लावतात. इंजेक्शननंतर गप्प पडून राहा, जास्त बोलू नका, कारण बोलणारे स्नायू पण उजळतात. (मावशीला हीच सूचना सगळ्यात अवघड गेली.)

पण चमकतंय ते सगळं कॅन्सर नसतं. मेंदू प्रत्येकाचाच चमकतो. मूत्राशय चमकतं, कारण किडनी एफडीजी परत शोषून घेत नाही, ते लघवीतून जातं. आणि आपल्याकडे टीबी, त्याच्या गाठी स्कॅनवर कॅन्सरसारख्याच उजळू शकतात, कारण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीसुद्धा ग्लट-१ वाढवतात. म्हणून नुसत्या स्कॅनवर न थांबता डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात तेव्हा उगाच पैसे काढतायत असं समजू नका. उलटही होतं, प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर एफडीजीला फारसे उजळत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं औषध वापरतात.

इतकं सगळं ग्लुकोजबद्दल झालं, पण मला स्वतःला जास्त मजा अमिनो ॲसिडच्या दारांची वाटते. लहानपणी दारावर बोहारीण यायची आठवतंय? जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. पैसे दाखवून चालायचं नाही, कपडेच लागायचे. कॅन्सर पेशीवर लॅट-१ नावाचं एक दार असतं ते पक्की बोहारीण आहे. ते ल्यूसीनसारखी आवश्यक अमिनो ॲसिड आत देतं, जी शरीराला बनवता येत नाहीत, जेवणातूनच मिळतात, पण त्या बदल्यात आतलं एक अमिनो ॲसिड बाहेर घेतं, बहुतेक वेळा ग्लुटामीन. एक आत, एक बाहेर, फुकट काही नाही. म्हणजे पेशीकडे द्यायला जुने कपडे हवेत, म्हणून ग्लुटामीन आत आणणारं दुसरं दार वाढवलं जातं, एएससीटी-२ म्हणून. रक्तात सगळ्यात जास्त असणारं अमिनो ॲसिड ग्लुटामीनच आहे, तेव्हा माल कमी पडत नाही. आणि ल्यूसीन एवढं महत्त्वाचं का, तर ते नुसती वीट नाही, मुकादमाला दिलेली खबरही आहे. पेशीत एमटॉर नावाचा मुकादम बसलेला असतो, ल्यूसीन आत आलं म्हणजे माल पोचला असं समजून तो बांधकाम सुरू करा म्हणतो.

ग्लुटामीन हे तसं दुर्लक्षित प्रकरण. मामासारखे लोक साखरेच्या मागे लागतात, ग्लुटामीनचं नाव कुणी घेत नाही, आणि घेऊन करणार काय, शरीर ते स्वतः बनवतं, डाळ, दूध, अंडी सगळ्यात आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी उंदरांच्या गाठी फोडून एकेक प्रकारची पेशी वेगळी करून कोण काय खातंय ते मोजलं, तर पेशीमागे सगळ्यात जास्त ग्लुकोज कॅन्सरच्या पेशी नाही, गाठीत शिरलेल्या काही पांढऱ्या पेशी घेत होत्या, आणि कॅन्सरच्या पेशी ग्लुटामीन जास्त ओढत होत्या. म्हणजे स्कॅनवर जो उजेड दिसतो तो संपूर्णपणे 'कॅन्सर खातोय' असा नसतो, त्यात आपली माणसंही असतात.

तिसरं एक दार एक्ससीटी, हेही अदलाबदलीवालं, सिस्टीन आत आणि ग्लुटामेट बाहेर. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पेशीत आतून गंज चढतो, म्हणजे ऑक्सिडेशन, आणि त्यावर जो लेप लागतो, ग्लुटाथायोन, तो बनवायला हे सिस्टीन लागतं. ते बंद केलं तर काही पेशी लोखंडामुळे अक्षरशः आतून गंजून मरतात, या मरणाला २०१२ मध्ये फेरॉप्टोसिस असं नाव दिलं गेलं. मेंदूच्या काही गाठींमध्ये याच दारातून बाहेर पडलेलं ग्लुटामेट आजूबाजूच्या चेतापेशींना डिवचतं आणि पेशंटला फिट्स येतात.

आणि कचरा? एवढं लॅक्टिक ॲसिड आत साठलं तर पेशी स्वतःच्याच आंबटपणात मरेल, म्हणून एमसीटी-१ आणि एमसीटी-४ ही बाहेर टाकायची दारं. सोसायटीत कुणीतरी असतोच ना स्वतःचा केर जिन्यात लोटणारा, तसं. बाहेरचं वातावरण आंबट होतं, रक्ताचा पीएच ७.४ असतो तर गाठीच्या आसपास तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरलेला सापडतो, आणि अशा ठिकाणी कॅन्सरला मारायला आलेल्या टी पेशींना, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराला, धड काम करता येत नाही. कॅन्सर पेशीची भूक तिच्यापुरती राहत नाही ती अशी. रक्तात गेलेलं लॅक्टेट मात्र लिव्हर उचलतं आणि त्याचं परत ग्लुकोज बनवतं. म्हणजे काही प्रमाणात गाठ लॅक्टेट टाकतेय, लिव्हर पदरची ऊर्जा घालून त्याची साखर करतंय, आणि ती साखर पुन्हा गाठीला. खर्च कुणाचा, तर पेशंटचा.

इथेच मामाच्या लॉजिकचा निकाल लागतो. आपल्या अख्ख्या रक्तात कुठल्याही क्षणी जे ग्लुकोज असतं ते किती, तर चार-पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास वापरतो. म्हणजे ही टाकी सतत भरावी लागते आणि ते काम लिव्हर करतं, तुम्ही खाल्लं नाही तर साठा फोडून, तो संपला तर स्नायू वितळवून. चहात साखर नाही घातली म्हणून रक्तातलं ग्लुकोज शून्याकडे जात नाही, आणि जे आहे त्यातलं ओढायला ज्याची दारं जास्त त्याचा नंबर आधी लागतो. उपाशी कॅन्सर राहत नाही, मावशी राहते. मी तिला म्हटलं, अगं तुझं वजन आधीच चार किलो उतरलंय, तू चहा गोड घे आणि दोन घास जास्त खा, आणि डायबिटीस असता तर गोष्ट वेगळी होती, ते तुझ्या डॉक्टरांनाच विचार. लठ्ठपणा आणि वाढलेलं इन्सुलिन यांचा काही कॅन्सरशी संबंध आहे हे खरंय, पण तो वर्षानुवर्षांचा हिशोब आहे, दोन चमच्यांचा नाही. किटो डाएटचंही तेच, २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात ते एका विशिष्ट औषधाच्या जोडीला उपयोगी पडलं, पण त्याच अभ्यासात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असलेल्या उंदरांना नुसतं किटो दिलं तर आजार जास्त वेगाने वाढला. व्हिडिओवाले यातलं पहिलं अर्धंच सांगतात.

मग सरळ दारंच बंद करणारं औषध का नाही काढत? काढायला बघतायत, बरीच वर्षं. पण मघाशी म्हटलं तसं दार आपलंच आहे. काही मुलांमध्ये जन्मतःच ग्लट-१ च्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक खराब असते, म्हणजे दारं निम्मीच, आणि तेवढ्यानेसुद्धा मेंदूला ग्लुकोज कमी पडून फिट्स येतात, वाढ मागे पडते. सरसकट ग्लट-१ बंद केलं तर काय होईल ते यावरून समजा. दुसरी अडचण अशी की एक दार लावलं तर पेशी भावंडांपैकी दुसरं उघडते. एक्ससीटीला अडवणारं सल्फासॅलाझीन हे तर आतड्याच्या सुजेवरचं आणि संधिवाताचं जुनं औषध, ते मेंदूच्या गाठींवर वापरून बघितलं, फायदा दिसला नाही, प्रयोग थांबवावा लागला. लॅट-१ बद्दल थोडी आशा आहे, जपानमध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरवर त्याला अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली तेव्हा आजार पुढे सरकायला प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, जास्त वेळ लागला. आजार बरा झाला असं मात्र नाही.

खरा डाव यशस्वी झालाय तो उलट्या बाजूने, दार बंद करण्याऐवजी त्याच दारातून विष आत पाठवायचं. १९४७ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडचं एक सोंग दिलं, दिसायला व्हिटॅमिन आणि आत गेल्यावर डीएनएचं बांधकाम थांबवणारं. हे सोंग बनवणाऱ्या लॅबचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात आणि ते पेशीत शिरतं फोलेटच्याच, म्हणजे फॉलिक ॲसिडच्याच, दारातून. पेशीने ते दार कमी केलं की औषध लागू पडेनासं होतं.

थायरॉईडचं उदाहरण तर सगळ्यात सुंदर. थायरॉईडच्या पेशींवर आयोडीनचं खास दार असतं, एनआयएस, दोन सोडियमच्या जोरावर एक आयोडाइड आत ओढणारं, म्हणून किरणोत्सारी आयोडीनचं औषध प्यायला दिलं की ते शोधत शोधत थायरॉईडच्या पेशीतच जातं, अगदी फुप्फुसात पसरलेल्या असल्या तरी. त्यासाठी आधी काही आठवडे मीठ बदलायला लावतात, आयोडीनचं जेवण बंद, म्हणजे दारं भुकेली राहतात, आणि थायरॉईडची गोळी थांबवतात किंवा इंजेक्शन देतात म्हणजे टीएसएच, थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, वाढतं आणि त्याच्या हुकमाने दारंही वाढतात. पण आजार जुना आणि आडदांड झाला की पेशी हेच दार काढून टाकते, मग कितीही आयोडीन द्या, ते नुसतं फिरून लघवीतून जातं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये छापलेल्या एका छोट्या प्रयोगात अशा २० पेशंटना आधी काही आठवडे एक गोळी दिली, वाढीचा तो कायमचा शिक्का थोडा पुसणारी, आणि मग पुन्हा स्कॅन केला तर १२ जणांच्या गाठींमध्ये आयोडीन पहिल्यापेक्षा जास्त जायला लागलं होतं. त्यातल्या आठ जणांमध्ये ते आयोडीनचं औषध देण्याइतपत होतं, आणि ते दिल्यावर पाच जणांच्या गाठी आकाराने उतरल्या, तिघांच्या आहेत तिथेच थांबल्या.